करप्याची जनुकं शोधायला निघालेल्या भाचीला

पोरी, भाताच्या करप्यावर पीएच.डी.ला लागलीस हे ताईकडून कळलं आणि फार बरं वाटलं. बुरशीची कोणती जनुकं रोग घडवून आणतात ते शोधायचं, असा विषय आहे म्हणे. माझी सगळी नोकरी याच बुरशीच्या संगतीत गेली. पद्धती तुला तुझे सर शिकवतील, त्या छापील आहेतच. छापात सहसा येत नाहीत, एकीने दुसरीला सांगूनच पुढे जातात, अशा काही गोष्टी तेवढ्या मी सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट: आजारी बुरशी आणि निरुपद्रवी बुरशी यांत गल्लत करू नकोस. आपण एखादं जनुक तोडतो, त्या बुरशीचे बीजाणू रोपांवर फवारतो, आणि आठवड्याने बघावं तर पानं हिरवीगार. लगेच हात वहीकडे जातो, ‘रोगाचं जनुक सापडलं’ असं लिहायला. तिथं थांब. तू तोडलेलं जनुक मेथिओनिन किंवा अर्जिनिन बनवणारं असेल, तर ती बुरशी पानात शिरली तरी उपाशीच राहणार. तिला रोग करता आला नाही हे खरं, पण मुळात तिला धड जगताच येत नाही. असली जनुकं ढिगाने निघतात आणि त्यांच्यावर प्रबंधही होतात. आपल्याला हवं आहे ते असं जनुक, जे गेल्यावरही बुरशी प्लेटमध्ये धडधाकट वाढते, रंग धरते, बीजाणू देते, आणि रोपाशी गाठ पडली की मात्र हात टेकते.

म्हणून पहिला प्रयोग प्लेटवर कर, रोपाकडे नंतर जा. मूळ बुरशी आणि म्यूटंट, म्हणजे जनुक तोडलेली बुरशी, शेजारी शेजारी वाढव: भरपूर खाद्य असलेल्या आगरवर, मोजकं खाद्य असलेल्या आगरवर, मीठ घातलेल्यावर, हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेल्यावर, थोड्या चढ्या तापमानाला. रोज ठरलेल्या वेळी वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोज. बीजाणू किती येतात ते वेगळं लिही, आणि हे अजिबात टाळू नकोस. कारण फवारणीच्या वेळी आपण दोघींचे बीजाणू मोजून सारखे करतो, मिलिलिटरला साधारण एक लाख. त्यामुळे जी बुरशी मुळात फारच थोडे बीजाणू देते, तिचं ते वैगुण्य फवारणीत झाकलं जातं. शेतात तेच वैगुण्य करप्याची साथ थोपवू शकतं, कारण हा रोग वाऱ्यावरच्या बीजाणूंनीच एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जातो. अशा जनुकालाही मोल आहे. फक्त त्याची नोंद ‘बीजाणू घडवणारं’ अशी कर, ‘पानात शिरवणारं’ अशी नको.

आता बुरशी पानात शिरते कशी, ते नुसतं वाचून सोडू नकोस. सकाळी ताजे बीजाणू घे, पातळ प्लॅस्टिकच्या कव्हरस्लिपवर एक थेंब ठेव, पेट्री प्लेटमध्ये ओला टिपकागद घाल आणि झाकण लाव. साधी काच घेऊ नकोस. पाणी न धरणारा, कडक पृष्ठभाग लागला तरच ही बुरशी पुढचं पाऊल टाकते, आणि भाताचं पान तसंच मेणचट असतं. मग दर दोन तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघ. तीन कप्प्यांचा, एका टोकाला निमुळता बीजाणू दिसेल. आधी त्यातून बारीक अंकुरनळी निघेल. चारेक तासांनी तिचं टोक वाकून फुगायला लागेल. रात्री आठ-नऊपर्यंत तिथं एक गोल घुमट तयार झालेला असेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याभोवती काळसर कडं चढलेलं दिसेल. त्याला अप्रेसोरियम म्हणतात. कडं मेलॅनिनचं. आत ग्लिसरॉल साठतं, पाणी आत ओढलं जातं आणि दाब चढत जातो. १९९१ मध्ये रिचर्ड हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दाब सुमारे ८ मेगापास्कल असल्याचं दाखवलं, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास चाळीसपट. त्या दाबाने घुमटाच्या तळातून एक खुंटी पानाच्या सालीत घुसते. तोवर बीजाणूत असलेलं सगळं सत्त्व घुमटात ओतलेलं असतं आणि बीजाणू स्वतः रिकामा होऊन सुकलेला असतो. ही बुरशी बीजाणूतला स्वतःचाच माल पचवून पुढे जाते, आणि ते पचवणं बंद पाडलं तर घुमट होतो पण आत शिरणं जमत नाही.

हे एकदा नीट बघितलंस की कुठलंही नवीन म्यूटंट हातात आल्यावर तुझा प्रश्न बदलेल. ‘रोग होतो की नाही’ एवढ्यावर तू थांबणार नाहीस. बीजाणू चिकटला का, अंकुर फुटला का, घुमट झाला का, कडं काळं झालं का, खुंटी घुसली का, आत गेल्यावर शेजारच्या पेशीत गेली का, असं पायरी पायरीने विचारशील. जनुकाचं काम कोणत्या पायरीवर आहे हे सांगता आलं पाहिजे. नुसतं ‘रोगासाठी आवश्यक’ हे वाक्य अर्धवट आहे.

याचं मला सगळ्यात प्रिय उदाहरण मेलॅनिनच्या तीन जनुकांचं. एक तोडलं की बुरशी पांढरी होते, दुसरं तोडलं की गुलाबीसर, तिसरं तोडलं की पिवळट. त्यांची नावंही रंगांवरूनच पडली: अल्ब, रोझी, बफ. तिघीही प्लेटमध्ये छान वाढतात, घुमटही करतात, पण घुमटाला कडं नसल्याने दाब टिकत नाही आणि अखंड पानात शिरता येत नाही. पान खरवडून जखम केलीस आणि त्यावर बीजाणू टाकलेस की मात्र त्याच बुरशी आरामात रोग करतात. म्हणजे आत शिरल्यावर त्यांना मेलॅनिनची गरज पडत नाही, ते दारापुरतंच आहे. जखमेची चाचणी म्हणून कधी चुकवायची नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि जनुकाचा पत्ताच देऊन जाते.

गावाकडे करप्यावर ट्रायसायक्लॅझोल मारतात, ते तू पाहिलंच आहेस. ते औषध याच रस्त्यावर घाव घालतं. ‘बफ’ जनुकातून जे विकर बनतं, तेच ते बंद पाडतं. प्लेटमधल्या आगरात योग्य प्रमाणात मिसळून बघ, बुरशी मरत नाही, वाढत राहते, फक्त रंग तांबूस होतो. म्हणून हे औषध रोगाच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला मारलं तरच उपयोगी पडतं. ठिपके पडून गेल्यावर, बुरशी आत बसल्यावर मारलं तर पैसे गेले. एखाद्या शेतकऱ्याने विचारलं तर हे त्याला कारणासकट सांग. कारण कळलं की वेळ पाळली जाते. जनुकं शोधून काय मिळतं असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर हेच असतं.

दुसरं उदाहरण पीएमके१ चं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठात जिन-रोंग शू आणि जॉन हॅमर यांनी ते दाखवलं. हे जनुक काढलं तर बुरशी प्लेटमध्ये उत्तम वाढते, पण घुमट होतच नाही. इथवर ठीक. पण जखमेतून आत सोडली तरीही ती वाढत नाही. म्हणजे या जनुकाचं काम दारात आहे आणि घरातही आहे. आत नेमकं काय काम, हे कळायला पुढे दोन दशकं लागली. २०१८ मध्ये एका गटाने असं म्यूटंट बनवलं की त्यातलं पीएमके१ एरवी चालू असतं आणि एक रसायन दिलं की हव्या त्या वेळी बंद पडतं. बुरशी पहिल्या पेशीत शिरल्यावर त्यांनी ते बंद केलं, तर ती त्या पहिल्याच पेशीत अडकून पडली, शेजारी जाऊ शकली नाही. पूर्ण काढून टाकलेल्या जनुकाने हे कधीच कळलं नसतं, कारण तशी बुरशी पहिल्या पेशीपर्यंत पोचतच नाही. पहिल्या पायरीवर अडणारं जनुक पुढच्या पायऱ्यांवर काय करतं, हा प्रश्न तुझ्या वहीत कायम उघडा ठेव.

एक साधी गोष्ट इथंच सांगून टाकते. नवीन म्यूटंटच्या वाढीवर पाण्याचा एक थेंब ठेवून बघत जा. मूळ बुरशीवर थेंब गोल मण्यासारखा उभा राहतो, कारण तिच्या अंगावर पाणी झटकणाऱ्या प्रथिनाचा थर असतो. एमपीजी१ हे जनुक गेलेलं असेल तर थेंब पसरतो, मुरतो, वाढ ओलीकच्च होते. १९९३ मध्ये निक टॅलबट, डॅनियल एबॉल आणि हॅमर यांनी या जनुकाची ओळख पटवली. अशा बुरशीचे घुमट फार कमी होतात आणि रोगही कमी होतो. लाखो रुपयांच्या यंत्राआधी एक थेंब पाणी.

आता जनुकं शोधायची कशी. दोन वाटा आहेत. एक, आंधळेपणाने तोडत जायचं आणि कोण रोग करत नाही ते बघायचं. दुसरी, आधी संशयित ठरवायचा आणि नेमकं तेच काढायचं. २००५ मध्ये या बुरशीच्या ७०-१५ या ताणाचा (स्ट्रेनचा) पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ११ हजार जनुकं. तेव्हापासून दुसरी वाट सोपी झाली आणि बरेच जण तीच धरतात. मला पहिलीचा आदर आहे, कारण ती आपल्या समजुतींवर अवलंबून नसते. २००७ मध्ये कोरियाच्या गटाने अॅग्रोबॅक्टेरियमच्या मदतीने २१ हजारांहून जास्त म्यूटंट बनवून एकेक तपासले आणि रोगाशी संबंधित २०२ ठिकाणं काढली. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भारत चट्टू यांच्या प्रयोगशाळेने करप्याच्या बुरशीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचे शोधनिबंध काढून वाच, आपल्याकडच्या सोयी-गैरसोयींत काय करता येतं ते त्यातून दिसेल.

आंधळ्या वाटेवरचा धोका मात्र ओळखून ठेव. अॅग्रोबॅक्टेरियमने घुसवलेला डीएनएचा तुकडा एका जागी बसतो, पण कधी दोन जागी बसतो, कधी बसताना आजूबाजूचं काही उडवून लावतो, आणि कधी बुरशीत भलतीकडेच बिघाड झालेला असतो ज्याचा या तुकड्याशी संबंध नसतो. तू तुकड्याच्या शेजारचं जनुक वाचतेस आणि दोष त्याच्या माथी मारतेस. म्हणून आधी सदर्न ब्लॉट करून तुकडा एकाच जागी आहे याची खात्री कर. मग ते जनुक मूळ बुरशीतून नव्याने, मुद्दाम काढ. मग काढलेलं जनुक परत दे. परत दिल्यावर रोग परत आला पाहिजे. स्टॅनली फाल्को यांनी १९८८ मध्ये कॉखच्या कसोट्या जनुकांना लावून दाखवल्या, त्या जीवाणूंसाठी होत्या, पण तत्त्व आपल्यालाही तेच. परत देण्याच्या प्रयोगाला लोक कंटाळतात, कारण तो शेवटी येतो आणि तोवर पैसे आणि धीर दोन्ही संपत आलेले असतात. तू तो शेवटी ठेवूच नकोस. जनुक काढायचे प्रायमर मागवशील त्याच दिवशी परत द्यायचे प्रायमर मागव. काढण्यासाठी हायग्रोमायसिन वापरत असशील तर परत देण्यासाठी दुसरी निवड-खूण आधीच ठरव, नाहीतर ऐन वेळी हातात काही उरत नाही.

एका म्यूटंटवर कधी विसंबू नकोस. वेगवेगळे, स्वतंत्रपणे मिळालेले निदान दोन-तीन हवेत, आणि त्यांच्या सोबत असा एक, ज्यात तुकडा भलत्याच जागी बसला आहे आणि जनुक शाबूत आहे. त्याने रोग केला नाही तर गडबड तुझ्या प्रक्रियेत आहे. नेमकं जनुक काढणं या बुरशीत जिकिरीचं होतं, कारण तुकडा बरोबर जागी बसण्याचं प्रमाण कमी असायचं. केयू७० किंवा केयू८० हे जनुक काढलेले ताण आले तेव्हापासून ते प्रमाण खूप वाढलं. तुझ्या सरांकडे असा ताण असेल तर त्याच्यापासूनच सुरुवात कर, नसेल तर मागवून घ्यायला सांग. मात्र त्यात तुटलेला डीएनए जोडण्याची एक वाट बंद असते हे ध्यानात ठेव, आणि तुलना नेहमी त्याच ताणाशी कर, मूळ जंगली ताणाशी नको.

‘जनुक काढलं, रोग तसाच राहिला, म्हणजे जनुक बिनकामाचं’ हा निष्कर्षही असाच घाईचा. पानाच्या सालीतलं क्युटिन विरघळवणाऱ्या विकराची गोष्ट मुळातून वाच. वर्षानुवर्षं सगळ्यांना वाटायचं की हे विकर नसेल तर बुरशी आत शिरणारच नाही. १९९२ मध्ये करप्याच्या बुरशीतून ते विकर बनवणारं क्युट१ हे जनुक काढलं, रोग तसाच. वाटाण्यावरच्या बुरशीतही त्याच वर्षी तेच दिसलं, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने त्याच्या उलट सांगितलं. वाद रंगला. मग जीनोम आला आणि दिसलं की करप्याच्या बुरशीत असली जनुकं एक नाही, भलंमोठं खटलं आहे. २००७ मध्ये त्यातल्या क्युट२ वर काम झालं आणि ते काढल्यावर रोग खरोखर कमी झाला. सासर मोठं असलं की एक सून माहेरी गेल्याने घर अडत नाही, तसंच हे. म्हणून एखादं जनुक काढण्याआधी त्याची भावंडं किती आहेत ते बघ, आणि संसर्गाच्या वेळी त्यातलं कोण जागं असतं तेही बघ.

आता रोपांबद्दल, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे. तुमच्या पिढीचं डीएनएवर फार प्रेम आणि रोपांकडे दुर्लक्ष. अख्खा निकाल ज्या रोपावर येतो ते रोप कुणीतरी ट्रेमध्ये पेरतं, कुणीतरी पाणी घालतं, आणि संशोधक थेट फवारणीच्या दिवशी उगवतात. असं करू नकोस. पेरणी तुझ्या हाताने कर. संवेदनशील वाण घे. जगभरच्या प्रयोगशाळा सीओ-३९ वापरतात, तो आपल्या कोइमतूरचा वाण आहे. माती एकाच ढिगाची असू दे. नत्र मोजून दे. युरिया जास्त झाला की करपा चेकाळतो, हे मावळातला कुठलाही शेतकरी सांगेल, आणि ट्रेमध्येही तेच होतं. एका ट्रेला चिमूटभर जास्त पडला तर तुझं अशक्त म्यूटंटही पहिलवान दिसेल. रोपं एकदाही सुकू देऊ नकोस, पाण्याचा ताण पडलेलं भात करप्याला लवकर बळी पडतं. तीन आठवड्यांची, तीन-चार पानांवरची रोपं घे, आणि ठिपके कायम सगळ्यात कोवळ्या पूर्ण उघडलेल्या पानावर मोज. जुनी पानं आपोआप दाद देईनाशी होतात. एकीने वरचं पान मोजलं आणि दुसरीने खालचं, तर दोघींचे आकडे जुळायचे नाहीत.

फवारणीच्या पाण्यात थोडं जिलेटिन घाल, म्हणजे थेंब पानावर धरून राहतात. संध्याकाळी फवार. चोवीस तास अंधारात, दमट पेटीत, २५ अंशांच्या आसपास ठेव, मग बाहेर काढ. पेटी उघडून मधेच डोकावू नकोस. पानं कोरडी पडली की घुमट पुरे व्हायच्या आत सगळं थांबतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके दिसू लागतात, सहाव्या-सातव्या दिवशी मोज. ठिपक्यांची संख्या आणि ठिपक्यांचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी बिंदू म्हणजे रोपाने बुरशीला तिथंच अडवलं. मधे राखाडी, कडेला तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता, डोळ्याच्या आकाराचा ठिपका म्हणजे बुरशी जिंकली, आणि तो राखाडी भाग पुन्हा दमट ठेवलास तर त्यातून बीजाणू येतील. थोडे पण मोठे ठिपके देणारं म्यूटंट आणि पुष्कळ पण बारीक बिंदू देणारं म्यूटंट यांची कहाणी अगदी वेगळी असते. पहिलं शिरताना अडखळतं, शिरल्यावर ठीक चालतं. दुसरं शिरतं, पण रोप त्याला पकडतं. सरासरीच्या एका आकड्यात दोन्ही सारखीच दिसतील.

आणि मोजताना ट्रेवरची नावं झाकायची. मैत्रिणीला सांग, तिने क्रमांक लावायचे, यादी तिच्याजवळ ठेवायची, तू मोजून झाल्यावरच उघडायची. आपल्या लाडक्या जनुकाच्या ट्रेमध्ये ठिपके कमी दिसतात, हे डोळ्यांचं खरं आहे, कितीही प्रामाणिक असलीस तरी.

या सगळ्यात एक उलटी गोष्ट आहे, ती लवकर समजून घे. बुरशीची काही जनुकं अशी की ती असल्यानेच रोप तिला ओळखतं. हॅरोल्ड फ्लोर यांनी अमेरिकेत जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून १९४० च्या दशकात हे मांडलं, की रोपाच्या एका प्रतिकारक जनुकासमोर बुरशीचं एक जनुक उभं असतं. करप्यात एव्हीआर-पिटा हे तसं जनुक. भातात पिटा हे प्रतिकारक जनुक असेल तर ही बुरशी पकडली जाते. बुरशीने ते जनुक गमावलं की तोच वाण तिला मोकळं रान. म्हणजे इथं जनुक तुटल्याने बुरशी अधिक घातक होते. तू चाचणी कोणत्या वाणावर करतेस, त्यात कोणती प्रतिकारक जनुकं आहेत, हे माहीत नसेल तर निकालाचा अर्थ लावता येणार नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर गव्हाचा करपा बघ. १९८५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात याच जातीची बुरशी पहिल्यांदा गव्हावर आली. २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या भागात आरडब्ल्यूटी३ हे प्रतिकारक जनुक नसलेला गहू मोठ्या प्रमाणावर लावला होता. त्याच्यावर बुरशीला पाय ठेवायला जागा मिळाली, आणि पुढे पीडब्ल्यूटी३ हे आपलं ओळख देणारं जनुक निकामी झाल्यावर ती इतर गव्हांवरही चालून गेली. २०१६ मध्ये ती बांगलादेशात पोचली, सुमारे १५ हजार हेक्टर गहू सापडला, आणि पश्चिम बंगालने सीमेलगतच्या भागात गहू पेरणंच काही काळ थांबवलं. एका जनुकाचं हरवणं असं माणसांच्या ताटापर्यंत येतं. म्हणून सांगते, गव्हावरच्या करप्याचा ताण कुणी परदेशातून ‘पाठवतो’ म्हणाला तर साफ नाही म्हण. त्याला परवानगीची रीतसर वाट आहे, आणि ती पाळण्यात हयगय नको. तुझ्या स्वतःच्या म्यूटंटचंही तसंच. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी, काम नंतर. वापरलेली प्रत्येक प्लेट, प्रत्येक रोप, ट्रेमधली मातीसुद्धा, ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. नळाखाली प्लेट धुताना कुणी दिसलं तर तिथल्या तिथे थांबव, तुझ्याहून मोठं असलं तरी.

या उलट्या जनुकांचा उपयोगही मोठा आहे. बुरशीकडे कोणती ओळख देणारी जनुकं आहेत हे कळलं की कोणतं प्रतिकारक जनुक वाणात घालायचं ते ठरवता येतं. तेतेप या व्हिएतनामी भातातलं पीआय५४ हे जनुक दिल्लीच्या वनस्पती जैवतंत्रज्ञान संस्थेत वेगळं काढलं गेलं. ते आणि पीआय२ मिळून आता पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ या वाणांत आहेत, जे २०२१ मध्ये आले. युरोपने तांदळातल्या ट्रायसायक्लॅझोलच्या अंशाची मर्यादा एक दशलक्षांश भागावरून ०.०१ वर आणली, तेव्हा बासमतीवाल्यांची झोप उडाली होती. फवारणीवाचून करपा आवरणारा वाण ही त्यावरची खरी वाट. पण अशा वाणासमोर बुरशीही गप्प बसत नाही, तिची ओळख देणारी जनुकं बदलत राहतात. म्हणून शेतातल्या बुरशीवर सतत नजर हवी, आणि ते काम तुझ्यासारख्या पोरींनीच करायचं आहे.

बुरशी सांभाळण्याचं सांगायचं राहिलं. प्लेटवरून प्लेटवर, प्लेटवरून प्लेटवर असं ती नेत राहिलीस तर हळूहळू तिचा रोग करण्याचा जोर ओसरतो. काही न तोडताच ती गरीब होते, आणि तू तोडलेल्या जनुकाला श्रेय देऊन बसतेस. ताण हातात आला की पहिल्याच आठवड्यात निर्जंतुक टिपकागदाच्या बारीक तुकड्यांवर वाढव, तुकडे पूर्ण वाळव, पाकिटात घालून उणे २० ला ठेव. प्रत्येक मोठ्या प्रयोगाला नवा तुकडा काढ. मधून मधून मूळ ताण रोपावर घालून ठिपक्यातून परत वेगळा कर. फ्रीजर दोन असतील तर दोन्हीत ठेव, कारण मे महिन्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

यंदा भाद्रपदात चार दिवस काढ आणि खाचरांत जा. वडगाव मावळ, इगतपुरी, कर्जत, तिन्हीकडे भात संशोधन केंद्रं आहेत. तिथल्या माणसांना आधी फोन कर, करपा कुठे लागलाय ते त्यांना बांधासकट माहीत असतं. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पान तोडायचं नाही. पानांवरचे ठिपके घे, आणि लोंबी बाहेर पडल्यावर पुन्हा जाऊन मानेवरचा करपाही घे, कारण दाणा पोचट होतो तो त्याने. बांधापलीकडे नाचणी असेल आणि तिच्यावरही ठिपके असतील तर तेही घे, पण वेगळ्या पाकिटात. बुरशी त्याच जातीची असली तरी नाचणीवरची भातावर सहसा चालत नाही, आणि दोन्ही मिसळल्या तर पुढे महिनाभर कोडं सुटायचं नाही. नमुने कागदी पाकिटात ठेव, प्लॅस्टिकमध्ये घाम येऊन भलत्याच बुरशी माजतात. पाकिटावर गाव, पीक, वाण, तारीख, पान की मान, आणि औषध मारलं असेल तर कोणतं आणि केव्हा, एवढं शिसपेन्सिलीने लिही. शाई पावसात पुसते. प्रयोगशाळेत आल्यावर ठिपका रात्रभर दमट ठेव, राखाडी भागावर बीजाणू आले की एकच बीजाणू सुईने उचलून वेगळा वाढव. मग त्या एका बीजाणूपासूनची बुरशी सीओ-३९ वर फवार. नाचणीवरची असेल तर नाचणीच्या रोपांवर. डोळ्याच्या आकाराचा ठिपका आला तरच तिला वहीत क्रमांक दे.